बल्बभोवतीचं जाळं

आमचं घर आणि बाबांचं गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि आवाज अडवायला ती भिंत काही उपयोगाची नव्हती. देवासच्या ए. बी. रोडवरचे ट्रक, पत्रा सरळ करणाऱ्या युसुफभाईंचा हातोडा, कॉम्प्रेसरची धाप आणि या सगळ्यांच्या वर बाबांचं गाडी घासून चमकवायचं बफिंग मशीन. आई स्वयंपाकघरात भुट्ट्याचा कीस परतत असली तरी पलीकडे काय चाललंय ते तिला कळायचं. मशीन मोकळं फिरत असलं की बारीक, सरळ आवाज येई. गाडीवर टेकलं की तो खाली उतरे. जोर दिला की जाड होई, घशात काही अडकल्यासारखा. हा जाड आवाज फार टिकत नसे, कारण बाबा कुठल्याच जागी थांबत नसत. एका जागी थांबलं की रंग तापतो आणि तापलेला रंग कापला जातो, खालचा प्रायमर वर येतो. हे मला कुणी बसवून शिकवलं नाही. दूध उतू जायला आलं की जसं पाठमोऱ्या बाईलाही कळतं, तसं ते घरातल्या सगळ्यांना कळायचं.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. गॅरेजात माझं काम फोटो काढण्याचं. सोनकच्छच्या रस्त्यावर ठोकून आलेल्या जीपा, दबलेले दरवाजे, फुटलेले दिवे, या सगळ्यांचे फोटो विम्याच्या माणसाला लागत. बाबांनी त्यासाठी एक सेकंडहँड कॅमेरा घेतला होता आणि तो माझ्या गळ्यात पडला होता. दबलेल्या दरवाज्याचा फोटो कुणीही काढू शकतं. अवघड असतो तो काळ्या रंगावरच्या जाळ्याचा. काळी गाडी उन्हात उभी करा आणि सूर्याचं प्रतिबिंब बघा. त्याच्याभोवती गोल गोल बारीक ओरखड्यांची कोळ्याने विणल्यासारखी नक्षी दिसेल. बाबा त्याला जाळं म्हणत. आज माझ्याकडे येणारी मुलं मोबाइल पुढे करून विचारतात, ‘दीदी, ये स्वर्ल मार्क निकल जाएँगे ना?’ वस्तू तीच आहे. तिचा फोटो काढायचा तर गॅरेजचं शटर बंद करून एकच बल्ब लावावा लागे, अंगात काळा कुडता घालावा लागे, नाहीतर आपणच गाडीत दिसतो, आणि नजर बल्बच्या प्रतिबिंबावर न ठेवता गाडीच्या पृष्ठभागावर आणावी लागे. प्रतिबिंब खोल असतं, ओरखडे वर असतात. बल्ब स्पष्ट आला की जाळं पुसलं जातं. हे कळायला माझे दोन रोल वाया गेले आणि आईची बोलणी खावी लागली.

त्या उन्हाळ्यात धारहून दादासाहेबांची गाडी आली. दादासाहेबांचे वडील-आजोबा संस्थानात अधिकारी होते. संस्थान गेलं, अधिकार गेले, पण ती काळी विलायती गाडी राहिली होती. घरातला प्रत्येक नवरदेव सीमांतपूजनाला त्याच गाडीतून जायचा असा रिवाज होता आणि आता धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. गाडी घेऊन आला तो त्यांचा ड्रायव्हर कैलास भिया. हा मूळचा धारजवळच्या तिरल्याकडचा, गाडीवर स्वतःच्या म्हशीपेक्षा जास्त प्रेम करणारा. त्याने दादासाहेबांचा निरोप शब्दाला शब्द सांगितला: रंग मूळचा आहे, वडिलांच्या वेळचा आहे, तो तसाच राहिला पाहिजे. चमकवा, पण नवा रंग चढवायचा नाही. एका ठिकाणी जरी प्रायमर दिसला तरी गाडी पुन्हा आमच्याकडे येणार नव्हती, आणि धारमधली जी पाच-सहा जुनी घरं बाबांकडे गाड्या पाठवत तीही येणार नव्हती. ही घरं एकमेकांना विचारल्याशिवाय सुताराला बोलवत नसत.

गाडी उन्हात आणली आणि बाबा नुसते बघत राहिले. इतकं दाट जाळं मी तोवर पाहिलं नव्हतं. बाबांनी विचारलं, रोज पुसतोस कशाने? कैलास अभिमानाने म्हणाला, रोज सकाळी, चहाच्या आधी, कपड्यावर चार थेंब रॉकेल घेऊन. पाण्याने गंज येतो, रॉकेलने चमक येते, असं थोरल्या साहेबांनी त्याच्या वडिलांना शिकवलं होतं आणि त्या घरात ते कुणी मोडलं नव्हतं. म्हणजे तिरल्याच्या रस्त्याची धूळ रोज रॉकेलमध्ये भिजवून, मन लावून, त्या गाडीवर घासली जात होती. कैलासला बाबांनी पोहे आणि जलेबी आणून दिली. अशा माणसाला काय सांगायचं? त्याने तर सेवाच केली होती.

मी ‘आधीचे’ फोटो काढले. मग बाबांनी काम सुरू केलं. जुन्या रंगावर पारदर्शक थर नसतो. तुम्ही घासता तो खुद्द रंगच. लोकरीचा पॅड काळा होत जातो आणि तो जितका काळा तितकी गाडी पातळ. आज माझ्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे, गाडीला लावलं की आकडा येतो. तेव्हा ते यंत्र म्हणजे बाबांचा उजवा तळवा. ते मशीन बाजूला धरत, तळवा ठेवत, उचलत, पुढे सरकत. बॉनेटवर एक फेरी झाली. पुसून, स्पिरिट मारून, शटर ओढून आम्ही बल्ब लावला. मी पाहिलं तर बल्बच्या भोवती फक्त काळं होतं. स्वच्छ, ओलं वाटावं असं काळं. मला इतकं बरं वाटलं की मी कॅमेऱ्याकडे हात नेला.

‘अजून आहे,’ बाबा म्हणाले. ‘बल्बच्या भोवती बघ. सगळीकडे आहे.’

मी वाकून पाहिलं. या बाजूने, त्या बाजूने. मला काही दिसलं नाही. पण बाबांना दिसतं आणि मला दिसत नाही हे तोवर नेहमीच होत आलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बॉनेटवर दुसरी फेरी मारली. पुन्हा बल्ब, पुन्हा तेच. बाबा बल्बच्या प्रतिबिंबाभोवती बोट गोल फिरवून म्हणाले, ‘हे काय मग? हे?’ त्यांचं बोट जिथे फिरत होतं तिथे काहीही नव्हतं. युसुफभाई मागे उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते घाईने हातोड्याचा दांडा तपासायला लागले.

संध्याकाळी बाबा अंघोळीला गेल्यावर मी आईला सांगितलं. ती वरणफळांसाठी कणीक मळत होती. हात न थांबवता तिने ऐकून घेतलं आणि मग, जणू भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली की गेलं वर्षभर बाबा अंधार पडला की स्कूटर काढत नाहीत. समोरच्या गाडीच्या दिव्याला काटे फुटतात म्हणतात. गावातल्या टेकडीवरच्या दिव्यांना झालर दिसते म्हणतात. तिने डॉक्टरांचं नाव काढलं होतं, तर त्यांनी दोन दिवस अबोला धरला.

‘मग सांगायचं कुणी?’ मी विचारलं.

‘गाडी जाईपर्यंत कुणीच नाही,’ आई म्हणाली. ‘रंगाचं काम करणाऱ्या माणसाचे डोळे गेले, एवढं एक वाक्य बाजारात गेलं की शटर ओढावं लागेल. कळतंय का तुला?’

कळत होतं. पण मला दुसरंही कळत होतं. बाबा आता गाडीवरचं जाळं काढत नव्हते, स्वतःच्या डोळ्यातलं काढत होते आणि त्यासाठी गाडी घासत होते. ते जाळं कधीच निघणार नव्हतं. रंग मात्र संपणार होता. सांगितलं तर बाबांचं नाव जाईल, नाही सांगितलं तर गाडी जाईल आणि तिच्या मागोमाग नावही. आईचा हिशेब मला पटेना. रडत बसण्यासारखं यात काही नव्हतं. दाखवता येईल असं काहीतरी हातात हवं होतं.

सकाळी मी फोटो काढले. तोच बल्ब, तीच उंची, बॉनेटवरची तीच जागा, आणि आधीचे फोटो ज्यावर होते तोच रोल घेऊन स्टुडिओत गेले. प्रिंट हातात आले. काळी गाडी राखाडी झाली होती आणि बल्बच्या भोवती पांढरट धूसर वर्तुळ पसरलं होतं. स्टुडिओवाला खूश होता. काळं चांगलं येत नाही, म्हणून मी जरा उघडून, उजळ करून दिलं, असं त्याने सांगितलं. नवरीच्या फोटोंची सवय. काळा रंग दिसला की त्याला वाटे काही चुकलं. मी ते प्रिंट लपवायच्या विचारात घरी आले, तर बाबा दारातच होते. त्यांनी पाकीट घेतलं, प्रिंट डोळ्यांशी नेला आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

‘बघ,’ ते म्हणाले. ‘तुझ्या फोटोतही आलंय. मी काय म्हणत होतो?’

तो आनंद मला बघवेना. किती दिवस तेही घाबरलेले असणार, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मला फक्त राग आला होता, स्टुडिओवाल्याचा. बाबा आत वळले आणि युसुफभाईंना म्हणाले की जेवण झालं की बॉनेटवर अजून एक फेरी मारू, या वेळी जरा जोर देऊन.

मी जेवले नाही. निगेटिव्ह घेतली आणि सायकल काढली. स्टुडिओवाला शटर अर्धं ओढून डबा खात होता. मी तिथेच उभी राहिले. काळं मला काळंच पाहिजे, असं मी त्याला सांगितलं. दीदी, फोटो खराब दिसेल, असं तो म्हणाला. खराबच हवाय, मी म्हटलं. त्याने डबा झाकला आणि माझ्या देखत, तोंड वाकडं करून, आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही पुन्हा काढून दिले. प्रिंट अजून दमट होते. मी ते ओढणीत धरून परत निघाले.

गल्लीच्या तोंडाशीच मला मशीन ऐकू आलं. जाड आवाज. मी पायडल मारत होते आणि तो पातळ होण्याची वाट बघत होते, आणि तो पातळ होत नव्हता. एकाच जागी, एकाच जागी. स्वयंपाकघराच्या खिडकीत आई उभी होती, हातात उलथनं, आणि तिनेही तेच ऐकलं असणार, कारण तिने मला हाताने ‘आत जा’ अशी खूण केली. गॅरेजात बाबा बॉनेटवर वाकले होते, दोन्ही हातांनी मशीन दाबून, मधल्या उंच धारेवर. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो. हे त्यांनीच मला सांगितलेलं. गाडी सोडून धारला न गेलेला कैलास कोपऱ्यात स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. मी सरळ बोर्डापाशी गेले आणि पिन उपटली.

मशीन गुरगुरत थांबलं. युसुफभाईंचा हातोडाही थांबला.

‘पिन कुणी काढली?’ बाबांनी वर न बघता विचारलं.

‘मी.’

त्या गॅरेजात चालू मशीनची पिन कुणी कधी काढली नव्हती. बाबांनी मशीन खाली ठेवलं, आणि सवयीनेच तळवा बॉनेटच्या धारेवर टेकवला आणि झटकन उचलला. भाजला होता. मग त्यांनी वाकून बघितलं. मीही बघितलं. धारेवर, केसाएवढी बारीक, बोटभर लांब, एक तांबूस रेघ वर आली होती. मूळचा प्रायमर. कैलास भियाचा तंबाखू मळणारा अंगठा तिथल्या तिथे थांबला.

‘बाबा, गाडीवर जाळं नाहीये,’ मी म्हटलं.

‘मग मला काय दिसतंय?’

मी दोन्ही प्रिंट त्यांच्या हातात दिले. त्यांनी एक पाहिला, त्यात बल्बभोवती कैलासच्या रॉकेलचं दाट, गोल गोल जाळं होतं. दुसरा पाहिला. त्यात फक्त बल्ब होता आणि काळं होतं. त्यांनी मला शटर ओढायला सांगितलं. बल्ब लावला. दुसरा प्रिंट त्यांनी बॉनेटवर, खऱ्या प्रतिबिंबाच्या शेजारी धरला आणि कागदाकडे पाहिलं, मग बॉनेटकडे, मग पुन्हा कागदाकडे. पुढे इंदूरच्या डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं की मोतीबिंदूत प्रखर दिव्याभोवती जाळं दिसतं, कागदावरच्या दिव्याभोवती दिसत नाही, कारण कागदावरचा दिवा डोळ्यात उजेड फेकत नाही. त्या वेळी आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. बाबांनी ते माझ्यासमोर, उभ्या उभ्या, स्वतःच शोधून काढलं. त्यांची मान इकडून तिकडे होत होती आणि मला वाटत होतं, आता ओरडतील, आता प्रिंट फाडतील.

‘युसुफ,’ ते शेवटी म्हणाले, ‘बल्ब के आजू-बाजू क्या दिखता है?’

‘कुछ नहीं, उस्ताद. साफ है.’ आणि मग, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता, ‘पहली बार में ही साफ हो गया था.’

‘तो बोला क्यों नहीं?’

बाबांनी आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं. ‘वा,’ ते म्हणाले. ‘म्हणजे सगळे मिळून माझ्याकडून गाडी सोलून घेत होता.’

त्यानंतर ते पाण्याच्या ड्रमपाशी गेले, हात धुतले, बराच वेळ धुतले. परत आले तेव्हा त्यांनी बोर्डात पिन स्वतः लावली आणि मशीन माझ्याकडे सरकवलं. डिकी राहिली होती आणि मागचे दोन दरवाजे. मी जुन्या दबलेल्या दरवाज्यांवर मशीन चालवून बघितलं होतं. अशा गाडीवर कधीच नाही. मशीन सुरू झालं की हातातून पळायला बघतं, खांद्यापर्यंत थरथर जाते. बाबा माझ्या शेजारी उभे राहिले, गाडीकडे न बघता, मान जराशी कलती करून. त्यांचं काम आता कान आणि तळवा करत होते. ‘जोर काढ.’ ‘सरक.’ ‘थांब, तापलं.’ मला जे दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं, आणि त्यांना जे ऐकू येत होतं ते मला अजून येत नव्हतं. डिकीला आम्हाला दुपार पुरली नाही. माझ्या कुडत्यावर घासायच्या कंपाउंडचे पांढरे शिंतोडे उडाले, दात करकरायला लागले. त्या रेघेबद्दल कुणीच बोललं नाही.

आई बोलली. गाडी न्यायच्या सकाळी तिने बाबांना डब्यात पोळ्या बांधून देताना सांगितलं की रस्त्यात खडा उडाला म्हणा. कैलास भियालाही ते पटलेलं होतं. धारच्या रस्त्यावर खड्यांना काय तोटा, मी पण सांगतो ना, असं तो म्हणाला. त्यालाही त्या रॉकेलचं आता थोडं टोचायला लागलं असावं. बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. ते पुढे बसले, मी मागे, आणि धार येईपर्यंत त्यांनी पोळी खाल्ली नाही की खिडकीची काच खाली केली नाही.

दादासाहेब अंगणात उभे होते, हात पाठीमागे बांधून. ऊन डोक्यावर होतं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मग वाकून दरवाज्यातल्या सूर्याकडे पाहिलं. सूर्याभोवती काहीच नव्हतं. त्यांनी मान हलवली. वडिलांच्या वेळी अशी दिसायची, असं ते म्हणाले. मग ते बॉनेटपाशी आले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि त्या तांबूस रेघेवर करंगळीचं नख ठेवलं.

‘माधवराव, इथं रंग कापला गेलाय का हो?’

कैलास भियाने तोंड उघडलं होतं. बाबांनी हाताने त्याला थांबवलं.

‘गेलाय, दादासाहेब. माझ्या हातून. गाडी आधीच साफ झाली होती, पण मला उजेडाभोवती जाळं दिसतं. मला वाटलं गाडीवरच आहे, म्हणून घासत राहिलो. दोष माझ्या डोळ्यांचा आहे.’

हे वाक्य धारच्या पाच-सहा घरांत संध्याकाळपर्यंत पोचणार होतं, देवासला उद्या. बाबांनी ते स्वतःच्या तोंडाने सोडलं होतं.

‘मग थांबवलं कुणी?’ दादासाहेबांनी विचारलं.

बाबांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. दादासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या नखांतल्या काळ्या रंगाकडे पाहिलं, आणि पुन्हा बॉनेटकडे. ‘नवरदेव गाडीत बसतो, बॉनेटवर नव्हे,’ ते म्हणाले. ‘राहू द्या रेघ. नवा रंग नको.’ मग कैलासकडे वळून त्यांनी सांगितलं की आजपासून रॉकेल बंद. कैलास दुखावला. मग सकाळी चहाच्या आधी मी करू काय, असं त्याने विचारलं, आणि त्याला खरंच उत्तर हवं होतं.

त्या पाच-सहा घरांपैकी दोन घरं पुन्हा आमच्याकडे आली नाहीत. बाकीची आली, पण गाडी सोडताना ‘मशीन मुलगी चालवणार ना?’ असं विचारून. बाबांना ते आवडायचं नाही, पण ते हो म्हणायचे. दिवाळीनंतर एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्याचं, आणि मग त्यांना पुन्हा इतकं दिसायला लागलं की माझ्या कामातल्या चुका ते दारातूनच सांगत.

पण त्या दिवशी दुपारी आम्ही इंदूरमार्गे घरी जायला धारच्या बस स्टँडवर उभे होतो. चारी बाजूंना बस, कंडक्टरांचा आरडाओरडा, पाट्यांवर धूळ. वर्षभर बाबा अशा वेळी सिगरेट पेटवत आणि एखाद्या कंडक्टरला सहज विचारल्यासारखं विचारत, काय भिया, इंदूर ना? मला वाटायचं, त्यांना गप्पा मारायला आवडतात. आज त्यांनी सिगरेट काढली नाही. समोरच्या बसकडे बोट दाखवून ते म्हणाले, ‘वसू, पाटी वाच.’

‘मांडवची आहे ही,’ मी म्हटलं. ‘इंदूरची तिकडे, कोपऱ्यात.’

‘चल,’ ते म्हणाले, आणि मी निघेपर्यंत त्यांनी पाऊल उचललं नाही.